साक्षीची पुस्तके आणि कल्पनेची पुस्तके : अलीकडच्या वाचनाविषयी एक शंका

चालता हिशेब :

नमस्कार.

सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण हा माझा व्यवसाय आहे. महिन्यातील निम्मे दिवस तालुक्याच्या गावी एसटीने जाणे-येणे होते आणि माझे बहुतेक वाचन त्या प्रवासातच होते. दिवाळीपासून आतापर्यंत पाच पुस्तके हातात आली. त्यांची निवड ठरवून केलेली नव्हती. ग्रंथालयाच्या कपाटात जे सापडले ते घेतले, आणि त्यातून प्रवासवर्णन, आत्मचरित्र, कादंबरी, विज्ञानकथा आणि बखरीचा वेष घेतलेली आणखी एक कादंबरी असा मेळ आपोआप जमला. या पुस्तकांनी मला एका शंकेत टाकले आहे. घरी ती बोलून दाखवली तेव्हा ‘आवडले ते वाचावे, नाही आवडले ते परत करावे’ एवढेच उत्तर मिळाले, म्हणून येथे मांडते आहे.

पहिले पुस्तक विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक गृहस्थ घरावरचे कर्ज फिटावे या आशेने १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले, कारण बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता कोकणापर्यंत पोहोचली होती आणि यज्ञ म्हटला की दक्षिणा आलीच. वाटेत महूच्या आसपास शिपायांकडून त्यांना बंडाची कुणकुण लागते आणि तेथून पुढे दक्षिणेसाठी काढलेला प्रवास जीव वाचवण्याचा प्रवास होऊन बसतो. झाशीला वेढा पडतो तेव्हा ते शहरातच असतात. इंग्रजांचे सैन्य आत शिरल्यावर झालेली कत्तल, घरोघरची लूट, राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची झालेली धूळधाण हे सगळे त्यांनी लिहून ठेवले आहे. मला मात्र सर्वांत अधिक भिडला तो काल्पीच्या बाजूचा विहिरीवरचा प्रसंग. लढाई हरून आलेली, तहानलेली राणी पाण्यासाठी थांबते, भटजी पाणी काढण्यास पुढे होतात, तर आपण विद्वान ब्राह्मण आहात, माझ्यासाठी पाणी काढू नका, असे सांगून ती स्वतः पाणी शेंदते आणि ओंजळीने पिते. हे वाचले तेव्हा आमची गाडी घाटात बंद पडून उभी होती आणि सगळे प्रवासी खाली उतरले होते. मी तशीच बसून राहिले. शेवटी अडीच-तीन वर्षांनी भटजी घरी परततात. मिळवलेले बहुतेक लुटले गेलेले असते, पण आईवडिलांसाठी आणलेली गंगेची कावड मात्र शाबूत असते. जमा आणि खर्च या दोन्ही बाजू इतक्या सरळ लिहिलेला माणूस मला साहित्यात क्वचितच भेटला आहे.

त्यानंतर योगायोगाने लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हाती आले. शाळेत त्यातला धडा होता, तेवढ्यापुरतीच ओळख होती. हे पुस्तकही सत्तावन सालाच्या सावलीत सुरू होते, हे मला माहीत नव्हते. आजोबा त्या धामधुमीत फासावर गेले आणि त्या धक्क्यातून वडिलांना सोवळ्याओवळ्याचे असे वेड लागले की बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येईना. त्यापायी आईचे झालेले हाल लेक सांगते, आणि सांगताना हसवते. पुढे नवऱ्याचे घरातून वारंवार निघून जाणे, १८९५ मधील त्यांचे धर्मांतर, त्यानंतरची तिची ताटातूट, या सगळ्यांत ती कोठेही आपल्या दुःखाचे दुकान मांडत नाही. गोडसे भटजींच्या पुस्तकाने मला एका जागी बसवून ठेवले, तर या पुस्तकाने एसटीत मोठ्याने हसवले आणि शेजारच्या बाईंना कारण सांगावे लागले.

मग व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घेतली. ती उत्तम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो, हळूहळू वाडीचा होतो, सर्वांना हाताशी धरून तालीम उभी करतो, आणि शेवटी दुष्काळात मेंढरे मरून, माणसे परागंदा होऊन वाडी ओस पडते. हे वाचताना माझे मन मात्र एक विचित्र खोडी करू लागले. आनंदा रामोशी खरोखर होता का? कारभाऱ्याने हे असेच केले होते का? लेखकाने एखादे माणूस केवळ प्रकरण पुरे व्हावे म्हणून तर आणले नाही ना? व्हाउचरशिवाय नोंद दिसली की माझी लाल पेन्सिल आपोआप उठते, तसे काहीसे झाले. पूर्वी मला असे कधी होत नसे.

जयंत नारळीकरांच्या कथासंग्रहातील ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ एवढी एकच कथा लक्षात राहिली. कल्पना झकास, पण शेवटी एक पात्र फळ्यासमोर उभे राहिल्यासारखे स्पष्टीकरण देऊ लागते आणि मी मनाने वर्गाबाहेर गेले. नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ तर नव्वदाव्या पानावर सोडून दिली. अठराव्या शतकात न झालेल्या माणसाने त्या शतकाची साक्ष द्यावी आणि मी ती मान्य करावी, हे मला जमेना.

तर माझा प्रश्न असा आहे. ज्याने पाहिले, सोसले आणि लिहिले त्याची पुस्तके मला धरून ठेवतात, आणि ज्याने रचले त्याच्या पुस्तकांपाशी माझा विश्वास अडखळतो. हे वयानुसार होते काय? वेगवेगळ्या प्रकारची पुस्तके पाठोपाठ वाचल्यामुळे एकाची फूटपट्टी दुसऱ्याला लावली जाते काय? की माझ्या पेशाने माझ्यातील कादंबरी वाचणारी बाई हळूहळू संपवली आहे?

जुनी पाने :

आपला प्रश्न वाचून मला प्रथम एक उलट प्रश्न विचारावासा वाटतो, आणि ग्रंथालयात तीस वर्षे काढलेल्या माणसाची ती सवय आहे असे समजून आपण तो मनावर घेऊ नये. आपण ‘माझा प्रवास’ची कोणती आवृत्ती वाचली?

हे पुस्तक प्रथम १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केले. गोडसे भटजींना हे अनुभव लिहून काढण्यास सांगणारेही वैद्यच होते, तेव्हा त्यांचे आपल्यावरील उपकार थोडे नाहीत. परंतु छापताना त्यांनी भटजींची भाषा आपल्या काळाच्या शिष्ट वाचकाला रुचेल अशी सुधारली, मजकुराची मांडणी बदलली आणि त्यांना अप्रशस्त वाटलेला भाग गाळला. मूळ हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आले आणि १९६६ साली महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी त्यावरून मूळ संहिता प्रसिद्ध केली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक ज्या भटजींच्या साधेपणावर लुब्ध होता, त्या साधेपणावर वैद्यांचा हात फिरलेला होता. पोतदारांच्या आवृत्तीतील भटजी अधिक ओबडधोबड आहेत, अधिक मोकळे आहेत, आणि काही ठिकाणी आपल्याला अवघडून टाकतील असे आहेत.

याखेरीज, भटजींनी हे लिहिले ते प्रवासानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, आठवणीतून. त्या पंचवीस वर्षांत वरसईच्या ओटीवर ही हकिगत त्यांनी किती वेळा, किती जणांना सांगितली असेल याचा विचार करून पाहावा. पुन्हापुन्हा सांगितलेली गोष्ट घासून गुळगुळीत होते, तिचे थांबे ठरतात, कोठे आवाज खाली आणायचा ते ठरते. विहिरीवरचा प्रसंग खोटा आहे असे मी मुळीच म्हणत नाही. तो आपल्याला ज्या आकारात भेटतो तो आकार सांगणाऱ्याने घडवलेला आहे, एवढेच माझे म्हणणे आहे. आपल्या भाषेत सांगायचे, तर व्हाउचर खरे आहे, पण ते पंचवीस वर्षांनी लिहिलेले आहे आणि त्यावर दुसऱ्याने खाडाखोड केलेली आहे. अशा व्हाउचरावर आपण सही कराल का?

ओटीवरची :

‘स्मृतिचित्रे’विषयी थोडे. हे पुस्तक मी दर दोन-तीन वर्षांनी वाचते, त्यामुळे त्याविषयी मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवते.

या पुस्तकाचा जन्मच दुसऱ्याच्या कामातून झाला. मुलाला, देवदत्तांना, वडिलांचे चरित्र लिहायचे होते आणि त्यासाठी साहित्य म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहून काढायला सांगितले. नारायण वामन टिळक १९१९ साली गेले होते. पुस्तकाचा पहिला भाग आला १९३४ मध्ये, आणि १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा शेवटचा भाग अपुराच राहिला होता. कवीच्या चरित्रासाठी मागवलेली सामग्री कवीपेक्षा मोठी निघाली. मला या गोष्टीची फार गंमत वाटते, आणि ती लक्ष्मीबाईंनाही वाटली असती.

आपण ‘दुःखाचे दुकान मांडत नाही’ असे लिहिले आहे, ते अगदी बरोबर आहे. परंतु त्यावरून त्या केवळ घडले तसे सांगत गेल्या असा अर्थ आपण काढत असाल, तर मी सहमत नाही. पुन्हा वाचाल तेव्हा एक गोष्ट तपासून पाहा. प्रसंग अत्यंत अपमानाचा किंवा भीतीचा असला की त्या नेमक्या त्याच्या आधी किंवा नंतर एखादी क्षुल्लक घरगुती वस्तू आणतात, कोणाचे तरी हास्यास्पद वाक्य आणतात, आणि वाचक रडण्याच्या बेतात असताना त्याला हसायला लावतात. ही नक्कल करता न येण्याजोगी कारागिरी आहे. साठी ओलांडलेल्या बाईने आपल्या तरुणपणाकडे पाहून, काय ठेवायचे आणि काय वगळायचे हे ठरवून ते लिहिले आहे. टिळकांचा संताप त्या सांगतात, पण त्यांना खलपुरुष होऊ देत नाहीत. तेवढे माप सांभाळायला चांगल्या कादंबरीकारालाही कष्ट पडतात. तेव्हा आपल्यातील कादंबरी वाचणारी बाई जिवंत आहे आणि तिनेच हे पुस्तक वाचताना एसटीत हसून घेतले, असे मला वाटते.

‘बनगरवाडी’बद्दल एकच वाक्य. माडगूळकर स्वतः काही काळ माणदेशात शाळामास्तर होते. यामुळे आपली लाल पेन्सिल खाली ठेवली जाईल का, की आणखी वर उचलली जाईल, हे जाणून घेण्याची उत्सुकता आहे.

प्रयोगवही :

नारळीकरांच्या कथेतील स्पष्टीकरणाविषयीची तक्रार मला मान्य आहे आणि अमान्यही आहे. मी विज्ञान शिकवतो, तेव्हा फळ्यासमोर उभे राहणाऱ्या पात्राची बाजू घेणे मला भागच आहे.

ती कथा आपण फार लवकर सोडून दिलीत, कारण आपल्या प्रश्नाचा गाभाच तेथे आहे. गंगाधरपंत हे इतिहासाचे प्राध्यापक. ते ज्या मुंबईत जाऊन पोहोचतात तेथे मराठे पानिपत हरलेले नाहीत. टाउन हॉलच्या ग्रंथालयात ते स्वतः लिहिलेला पाच खंडांचा इतिहास काढून बसतात, तर चार खंड ओळखीचे निघतात आणि पाचव्यात विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निघून गेलेली असते. परत आल्यावर त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, तेव्हा ते खिशातून बखरीचे एक फाटके पान काढून दाखवतात. ज्याने पाहिले, त्याची साक्ष. आणि तिला जोड म्हणून कागदाचा पुरावा! आपल्यासारख्या लेखापरीक्षकासाठीच ही कथा लिहिली असावी. पुरावा अस्सल आहे, पण तो ज्या जगाचा आहे ते जगच नाही, मग आता नोंद कोठे करायची?

स्पष्टीकरण लांबते, हे खरे. पण मी ही कथा चौदाव्या वर्षी वाचली होती आणि तेव्हा मला ते स्पष्टीकरणच अधिक आवडले होते, कारण गोष्ट सांगणारा माणूस ‘हे असे का होऊ शकते’ हेही सांगतो आहे, हा अनुभव नवीन होता. आज वाचताना मीही ती पाने जरा भरभर उलटतो.

अवांतर होईल, पण राहवत नाही. नारळीकरांनी आपली पहिली मराठी विज्ञानकथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. परीक्षकांनी लेखकाच्या नावावर नव्हे, तर कथेवर विश्वास ठेवला, हे या चर्चेच्या संदर्भात मला महत्त्वाचे वाटते.

हुगळीकाठ :

मी गेली अठरा वर्षे कोलकात्यात राहतो. ‘अंताजीची बखर’ आपण नव्वदाव्या पानावर सोडली हे वाचून वाईट वाटले, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

येथे आलो तेव्हा वरच्या मजल्यावरील आजी नातवाला निजवताना एक गाणे म्हणत असत. बाळ झोपले, पाडा शांत झाला, देशात बर्गी आले. बुलबुलांनी धान खाऊन टाकले, आता सारा कशाने भरायचा, असा त्याचा साधारण अर्थ. मी मराठी आहे हे कळल्यावर त्या जरा संकोचल्या आणि मग हसून म्हणाल्या की बर्गी म्हणजे तुम्हीच. बर्गी हा आपला बारगीर. ज्याचा घोडा सरकारचा असे तो स्वार. १७४१ ते १७५१ या दहा वर्षांत नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर वारंवार चालून आल्या, आणि त्यांच्या भीतीने कलकत्त्याभोवती १७४२ मध्ये खंदक खणायला घेतला गेला. तो पुरा कधीच झाला नाही, पुढे बुजवून त्यावर रस्ता झाला, पण बागबाजारात मराठा खंदकाच्या नावाची गल्ली अजून आहे. मी शाळेत जो इतिहास शिकलो त्यात अटकेपार झेंडे होते. हे अंगाईगीत नव्हते.

तो काळ आतून सांगणारा मराठी साक्षीदार मी शोधत होतो. मला हवा होता तो सरदार किंवा कारभारी नव्हे, तर लुटीच्या मागून चालणारा, घाबरणारा, पोटासाठी बाजू सांभाळणारा सामान्य माणूस. तसा कोणाचा कागद माझ्या पाहण्यात आला नाही. नंदा खरे यांनी तो माणूस रचला. तो थापाडा आहे, स्वतःच्या सोयीने सांगतो, हे वाचकाला पानोपानी कळत राहते, आणि कळावे अशीच ती बखर लिहिलेली आहे. जुन्या बखरीही काही निखळ साक्षी नव्हत्या. धन्याला काय ऐकायचे आहे, हे ओळखून त्या लिहिल्या जात. अंताजी निदान ते लपवत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. त्या धाडींचे समकालीन बंगाली वर्णन उपलब्ध आहे. गंगाराम नावाच्या कवीचे ते काव्य, नाव ‘महाराष्ट्र पुराण’, १७५१ चे. गावे ओस टाकून पळणाऱ्या लोकांची वर्णने त्यात इतकी नेमकी आहेत की अंगावर काटा येतो. परंतु त्याची सुरुवात होते ती पृथ्वीवरील पापाचा भार वाढला म्हणून शंकर नंदीला शाहू महाराजांकडे धाडतो, येथून. आणि पुढे भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांच्या माणसांनी ब्राह्मण-वैष्णवांनाही छळले म्हणून देवी त्यांच्यावर उलटते. ज्याने तो काळ पाहिला त्याने आपले पाहणे पुराणाच्या साच्यात घालून सांगितले, आणि ज्याने पाहिला नाही त्याने अडीचशे वर्षांनी ते साच्यातून बाहेर काढले. या दोघांपैकी साक्षीदार कोणाला म्हणायचे, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. वाचताना जवळ बंगालचा नकाशा ठेवावा. कटवा, वर्धमान, मुर्शिदाबाद ही गावे डोळ्यांसमोर आली की अंताजीच्या बढायांतील अंतरे मोजता येतात, आणि आपल्याला तो हिशेब करायला आवडेल असे वाटते.

चालता हिशेब :

सर्वांचे आभार. इतकी सविस्तर उत्तरे येतील अशी अपेक्षा नव्हती, त्यामुळे दोन दिवस गप्प राहिले.

‘जुनी पाने’ यांच्यासाठी : मी वाचलेली प्रत तपासली. मुखपृष्ठ आणि पहिली दोन पाने गहाळ आहेत, त्यामुळे आवृत्ती कळत नाही, परंतु भाषेच्या वळणावरून ती वैद्यांच्याच पाठाची असावी असे आता वाटते. म्हणजे इतरांच्या दप्तरातील तारखा तपासणारी मी, ज्या पुस्तकाचे सर्वाधिक कौतुक केले त्याची तारीखच न पाहता मोकळी झाले. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे की अशा व्हाउचरावर मी शेरा मारून सही करते. व्यवहार झाला होता आणि कागद नंतरचा आहे, या दोन्ही गोष्टी नोंदवाव्या लागतात. पोतदारांची आवृत्ती आमच्या ग्रंथालयात आहे, पण ती संदर्भ विभागाच्या कुलूपबंद कपाटात आहे आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ गुरुवारीच येतात. गेल्या गुरुवारी ते आले नव्हते.

‘ओटीवरची’ यांनी विचारले आहे म्हणून सांगते : माडगूळकर स्वतः मास्तर होते हे कळल्यावर पेन्सिल खाली गेली नाही, पण तिचे काम बदलले. आता प्रश्न पडतो तो असा, की स्वतः पाहिलेले इतके हाताशी असताना त्यांनी सरळ आठवणी का लिहिल्या नाहीत, कादंबरी का लिहिली? वाडीच्या उठण्याचे शेवटचे प्रकरण त्या दृष्टीने पुन्हा वाचले. तेथे मास्तर जवळजवळ काहीच करू शकत नाही, नुसता पाहत राहतो. आठवण लिहिताना हे असहाय पाहणे इतका वेळ कोणी पानावर टिकू दिले असते, असे वाटत नाही; कोणीही मध्येच स्वतःचा बचाव केला असता.

गंगाधरपंतांची कथा यजमानांना वाचायला दिली. ती एका बैठकीत संपवून आता ते पाचव्या खंडात पुढे काय काय झाले असेल याचीच चर्चा करत आहेत.

अंताजी परत घेऊन आले आहे. ‘हुगळीकाठ’ यांच्या सांगण्याप्रमाणे बंगालचा एक नकाशा घडी घालून पुस्तकात ठेवला आहे. गाडी हलू लागली की तो मांडीवर नीट उलगडत नाही, एवढीच अडचण आहे.